दवंडीपूर्वीचे दिवस

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कर्जापायी घर किंवा रान गमावलेल्या माणसाला ते केव्हा गेले असे विचारले, तर तो लिलावाचा दिवस सांगतो. चावडीवर कागद चिकटला, दवंडी झाली, साहेब मोटारीतून उतरले आणि बोली लागली, तो दिवस त्याच्या मनात कायमचा कोरलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याची मिळकत त्या दिवशी गेलेली नसते. त्याआधी कित्येक महिने, एकेक मुदत उलटत, ती थोडीथोडी जात असते. पोस्टमनने आणलेले पाकीट त्याने परत धाडले, त्या दिवशी एक हक्क गेला. नोटिशीला उत्तर द्यायचे राहिले, त्या दिवशी दुसरा गेला. सुनावणीला जायला एस.टी.चे भाडे आणि दिवसाचा रोजगार परवडला नाही, त्या दिवशी तिसरा गेला. दवंडी ही या प्रवासाची केवळ अखेर असते.

आपली चळवळही बहुधा दवंडीच्याच दिवशी जागी होते. घोषणा होतात, बोली लावायला आलेला माणूस ओशाळून परत जातो, लिलाव तहकूब होतो आणि कार्यकर्ते समाधानाने घरी जातात. पुढे दुसरी तारीख पडते आणि त्या दिवशी कर्जदाराच्या पाठीशी कोणी नसते. म्हणून जप्ती आणि लिलावाची ही कायदेशीर वाट कशी चालते, ती कोणाच्या सोयीने आखली गेली आणि तिच्यावर अडवणूक करण्याजोग्या जागा कोठे आहेत, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

कागदाच्या मागे पाहणारा कायदा

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. इंग्रजी अमलात १८५९ साली दिवाणी दाव्यांची संहिता आली आणि त्याच साली मुदतीचा कायदाही आला. रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत ठरली. ऋणकोला जुन्या लेण्याच्या जाचातून सोडवावे हा हेतू असेल. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, थकलेले व्याज मुद्दलात जमा होऊ लागले आणि मूळचे थोडके कर्ज एका पिढीत न फिटणारे झाले. न्यायालयापुढे येई तो शेवटचा रोखा. त्यावरचा अंगठा खरा की खोटा एवढाच प्रश्न मुन्सफ विचारी. रोख्याआधी काय घडले, हे विचारण्याचा त्याला अधिकार नव्हता आणि उसंतही नव्हती. ऋणको गैरहजर, हुकूमनामा एकतर्फी, पाठोपाठ दरखास्त आणि जप्ती, असा तो क्रम होता.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांचे खून पाडले नाहीत. त्यांनी मुख्यतः रोखे आणि हुकूमनामे मागून घेऊन जाळले. कोणत्या शस्त्राने आपण मारले जात आहोत, याची निरक्षर कुणब्याला असलेली ही समज कोणत्याही कायदेपंडिताच्या तोडीची होती. हे लोण त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात कुकरूडपर्यंत पोहोचले. ते गाव आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे.

त्या उठावाचे फळ म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. परक्या सरकारने स्वतःच्या महसुलाच्या काळजीने केलेला तो कायदा होता, त्यात क्रांतिकारक असे काही नव्हते. तरीही त्यात तीन गोष्टी मोलाच्या होत्या. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन साध्या कर्जासाठी विकता येईनाशी झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार आरंभापासून तपासण्याचे काम न्यायालयाकडे आले. मुद्दल किती, व्याज किती, हाती पडले किती आणि फेडले किती, हे पाहूनच देणे ठरवावे, हे तत्त्व प्रथमच कायद्यात लिहिले गेले. न्यायाधीशाने कागद वाचावा आणि माणूसही पाहावा, असा त्याचा अर्थ होता.

पुढे १९४३ ते १९४६ या काळात याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालवले. गावच्या न्यायमंडळांपुढे सावकारीची आणि गहाण जमिनींची प्रकरणे आली, तेव्हा तेथेही हाच प्रश्न विचारला गेला: घेतले किती आणि दिले किती? सबंध गावासमोर हा हिशेब मांडला जाई, म्हणून लबाडीला जागा उरत नसे.

आजच्या कायद्याचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला आहे. धनकोची वाट वर्षानुवर्षे आखूड होत गेली आणि मधले न्यायालय हळूहळू बाजूला सारले गेले. आज या दोन जिल्ह्यांतील मिळकत प्रामुख्याने तीन वाटांनी जाते.

तीन वाटा

पहिली वाट खासगी सावकाराची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणदाराला एक अभेद्य हक्क दिला आहे, तो म्हणजे गहाण सोडवून घेण्याचा. एकदा जे गहाण आहे ते गहाणच राहते. दस्तात काहीही लिहून हा हक्क काढून घेता येत नाही. तो संपवायचा तर धनकोला न्यायालयात यावे लागते. तेथे आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, देणे ठरते, ते भरण्यास सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते आणि नंतरच अंतिम हुकूमनामा होतो. लिलावाचा हुकूम झाला तरी विक्री कायम होण्यापूर्वी पैसे भरून मिळकत सोडवता येते. साधे गहाण, ताबे गहाण आणि मुदत खरेदीच्या रूपातील गहाण, असे याचे प्रकार आहेत.

ही वाट सावकाराला लांब वाटते, म्हणून त्याने पळवाट काढली आहे. १९२९ च्या दुरुस्तीनंतर, परत विकण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच मुदत खरेदी हे गहाण मानले जाते. सावकार त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत साधे खरेदीखत करून घेतो आणि परतीचा शब्द तोंडी देतो, फार तर वेगळ्या मुद्रांकावर लिहून देतो. कागदावर कर्जाचा उल्लेखच नसतो. सात-बाऱ्यावर नाव बदलते आणि कर्जदार आपल्याच रानात परका होतो. या फसवणुकीवर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात उपाय आहे. खरेदीखताच्या आड सावकारी झाली असल्याची जिल्हा उपनिबंधकाची खात्री पटली, तर पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन तो ते खत रद्द ठरवू शकतो आणि मिळकत परत देववू शकतो. म्हणजे १८७९ च्या कायद्यातील कागदाच्या मागे पाहण्याचे तत्त्व येथे जिवंत आहे. परंतु त्यासाठी अर्ज करावा लागतो, साक्षीदार उभे राहावे लागतात आणि सावकाराच्या गावात राहून त्याच्याविरुद्ध बोलावे लागते. एकट्या माणसाला हे झेपत नाही. येथे खरी गरज वकिलापेक्षा गावच्या पाठबळाची आहे.

दुसरी वाट सहकाराची, आणि या दोन जिल्ह्यांत तीच सर्वांत रुळलेली आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली बँक किंवा पतसंस्था निबंधकाकडे अर्ज करते. निबंधक संक्षिप्त चौकशी करून वसुली दाखला देतो आणि तो दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा ठरतो. व्याज चुकीचे लावले, भरणा जमा केला नाही, जामीनदाराची सही नाही, असे जे काही म्हणायचे ते या चौकशीतच म्हणावे लागते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर आधी वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम संस्थेकडे भरावी लागते. ज्याच्याकडे निम्मी रक्कम आहे तो थकबाकीदार कशाला होईल, हा प्रश्न विधिमंडळाने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

दाखल्यानंतर कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ यांप्रमाणे वसुली सुरू होते. मागणी नोटीस, जप्ती, विक्रीचा जाहीरनामा आणि तीस दिवसांनंतर लिलाव असा क्रम असतो. बोली घेणाऱ्याने पंधरा टक्के जागेवर भरायचे आणि बाकीचे पंधरा दिवसांत. लिलाव झाल्यावरही सगळे संपत नाही. तीस दिवसांच्या आत सारी थकबाकी आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या पाच टक्के भरले, तर विक्री रद्द होऊ शकते. जाहीरनाम्यात गंभीर अनियमितता असेल किंवा लबाडी झाली असेल, तर त्याच तीस दिवसांत हरकत घेता येते. हे तीस दिवस गावोगाव वाया जातात, कारण लिलाव झाला की सारे संपले, अशी सर्वांची समजूत असते. शिवाय ही सारी कारवाई करणारा विशेष वसुली व विक्री अधिकारी अनेकदा त्या धनको संस्थेच्याच नोकरीतील असतो. पगार संस्थेचा आणि अधिकार निबंधकाचा, अशी ही रचना आहे. बोली लागलीच नाही, तर कलम १०० प्रमाणे मिळकत संस्थेच्याच नावे होऊ शकते.

तिसरी वाट २००२ च्या केंद्रीय कायद्याची, ज्याला बँकांच्या व्यवहारात सरफेसी म्हणतात. येथे न्यायालयाची पायरी आधी चढावी लागतच नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग साठ दिवसांची मागणी नोटीस येते. कर्जदाराने लेखी आक्षेप घेतला, तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. साठ दिवस सरले की बँक स्वतः ताबा घेऊ शकते. ताबा मिळेना तर जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करते. जिल्हाधिकारी हिशेब तपासत नाही, तो फक्त ताबा मिळवून देतो. कर्जदाराने पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायची आणि ते न्यायाधिकरण पुण्याला. जत किंवा आटपाडीच्या माणसाला पुण्याची एक तारीख म्हणजे दोन दिवस आणि त्यांची मजुरी. पैसे भरून मिळकत सोडवण्याचा हक्कही २०१६ च्या दुरुस्तीने आखडला. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच तो शाबूत राहतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. जुन्या दिवाणी कायद्यात विक्री कायम होईपर्यंत उघडे असणारे दार येथे जाहिरातीच्या दिवशीच बंद होते.

सहकारी बँकांना ही तिसरी वाट मोकळी आहे काय, हा वाद बरीच वर्षे चालला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती मोकळी असल्याचा निर्णय दिला. म्हणजे सहकारी बँकेच्या हाती आज दोन तलवारी आहेत. शेतजमीन सरफेसीतून वगळलेली आहे, हे खरे. पण केवळ सात-बारा दाखवून भागत नाही, जमीन प्रत्यक्ष शेतीखाली आहे हे कर्जदाराला सिद्ध करावे लागते, असे २०२३ च्या निकालाने ठरले आहे. शिवाय शेतजमिनीला ही सूट असली तरी कलम १०१ ची वाट तिच्यासाठी खुलीच असते. गावठाणातील तारण घराला तर सरफेसीतही अशी सूट नाही.

वजनाचे दोन काटे

कायदा सर्वांना सारखा, असे सांगितले जाते. कोरेगाव तालुक्यातील जरंडेश्वर सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शेतकरी सभासदांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला हा कारखाना महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी सरफेसी कायद्याखाली २०१० साली लिलावात काढला. तो ६५ कोटी ७५ लाख रुपयांना एका खासगी कंपनीने घेतला. जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या मालमत्तेवर जप्ती आणली. लिलाव कमी किमतीत आणि योग्य रीत न पाळता झाला, तसेच त्यानंतर याच कारखान्याच्या आधारे सुमारे ७०० कोटींची कर्जे उचलली गेली, असे संचालनालयाने तेव्हा जाहीर केले. हे आरोप खरे की खोटे याचा निवाडा न्यायालयाचे काम आहे. परंतु एक गोष्ट कोणत्याही निवाड्याशिवाय उघड आहे. शेअर घेऊन बसलेल्या ऊसकऱ्याला त्या लिलावात विचारणारे कोणी नव्हते. मिळकत त्याच्या घामाची, कर्ज संचालकांच्या सहीचे आणि बोली मात्र बंद दाराआड.

दुसरीकडे, मोठ्या थकबाकीदाराला वाटाघाटीचे टेबल मांडून मिळते. ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर थकबाकीदारांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली. फौजदारी कारवाईला बाध येणार नाही, एवढीच पुष्टी जोडली. पाच-सहा लाखांसाठी ज्याच्या घरावर कागद चिकटतो, त्याला ‘धोरण बसत नाही’ असे उत्तर शाखेत मिळते. जामीनदाराची कथा आणखी करुण आहे. शेजारधर्म म्हणून सही केलेला माणूस १८७२ च्या करार कायद्याने कर्जदाराइतकाच बांधला जातो. कर्ज एकाचे असते आणि जप्तीची भीती तीन घरांत शिरते.

याची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. पतसंस्थेत पैसा असतो तो विधवेच्या ठेवीचा, निवृत्त शिक्षकाच्या पुंजीचा, भाजीवाल्याच्या रोजच्या पिग्मीचा. वसुली थांबली की संस्था बुडते आणि ही माणसे रस्त्यावर येतात. सांगली-साताऱ्याने असे दिवस पाहिले आहेत. तेव्हा ‘कोणतीही वसुली नको’ ही घोषणा समाजवाद्यांची असू शकत नाही. सरसकट माफीच्या घोषणेवर टाळ्या मिळतात. पण पिकाच्या भावाचा आणि व्याजाचा मूळ प्रश्न तसाच राहतो आणि पुढच्या हंगामात नवी थकबाकी उभी राहते. विरोध वसुलीला नाही. विरोध आहे तो हिशेब न तपासता होणाऱ्या वसुलीला, आणि धनकोनेच फिर्यादी, न्यायाधीश व बेलिफ होण्याला.

करायचे काय

मागण्या स्पष्ट हव्यात. कलम १०१ च्या दाखल्याविरुद्ध दाद मागण्यासाठी असलेली निम्म्या रकमेची अट छोट्या कर्जदारापुरती तरी काढून टाकली पाहिजे. दाखला देण्यापूर्वी मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि भरणा यांचा उतारा मराठीत कर्जदाराच्या हाती पडलाच पाहिजे आणि सुनावणी तालुक्याच्या गावी झाली पाहिजे. वसुली अधिकारी धनको संस्थेचा नोकर असता कामा नये. लिलावाचे मूल्यांकन चावडीवर आगाऊ लावले पाहिजे. दिवाणी संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, बैल आणि बियाणे जप्तीपासून वाचवले आहे. राहत्या घराचे हे संरक्षण तारण दिलेल्या छोट्या घरालाही मिळाले पाहिजे. तडजोडीच्या ज्या सवलती मोठ्यांना मिळतात त्या छोट्यांना हक्काने मिळाल्या पाहिजेत.

हे अशक्य नाही. सरफेसीच्या मूळ कायद्यात दाद मागण्यापूर्वी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २००४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. आक्षेपाला बँकेने कारणांसह उत्तर द्यावे, हे बंधनही त्याच निकालातून आले. तो खटला लढली होती एक मोठी कंपनी, कारण तिच्याजवळ वकील होते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले आहे. सातारा आणि सांगली त्याच्या कक्षेत येतात. मुंबईच्या खेपेचे कारण आता उरलेले नाही. निम्म्या रकमेच्या अटीची कसोटी तेथे लागू शकते. त्यासाठी सामान्य माणसाच्या बाजूने कोणी तरी उभे राहायला हवे.

कायदा बदलेपर्यंतही हातात पुष्कळ आहे. प्रत्येक गावच्या शाखेने एक वही ठेवावी. गावात कोणाला कोणत्या तारखेला कोणत्या कायद्याखाली नोटीस आली आणि उत्तराचा शेवटचा दिवस कोणता, एवढेच तीत लिहावे. नोटीस नाकारू नका, हे घरोघर सांगावे. नाकारलेली नोटीसही बजावलेली मानली जाते आणि कागद दाराला चिकटला की दिवस मोजणे सुरू होते. साठ दिवसांच्या आत लेखी आक्षेप, कलम १०१ च्या चौकशीत हजेरी आणि खात्याच्या उताऱ्याची मागणी, पंचेचाळीस दिवसांत अर्ज, लिलावानंतरच्या तीस दिवसांत हरकत: ही चार कामे वेळेवर झाली तर अनेक घरे दवंडीपर्यंत पोहोचणारच नाहीत. जो अक्षरओळख असलेला आहे त्याने शेजाऱ्याचा कागद वाचून दाखवावा, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो.

१८७५ साली या मुलखातील शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्याने तो जाळला. आज त्याच्या नातवंडांना वाचता येतो. तो उघडला जात नाही, कारण लाज वाटते, भीती वाटते आणि सोबत कोणी नसते. ही लाज मोडणे आणि ही सोबत देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, आणि ते दवंडीच्या कितीतरी दिवस आधी सुरू झाले पाहिजे.